स्क्रूच्या दाताची हिरडी सुजते तेव्हा

कवळी नको, पक्का दात हवा, असं म्हणणारे रुग्ण बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातही आता भेटतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाडानं तो धरला की वर कॅप चढवायची, ही इम्प्लांटची पद्धत. भालकी-औरादकडच्या माणसाला त्यासाठी उदगीर-लातूर जवळ पडतं, आळंद-अफझलपूरकडच्याला सोलापूर, बिदर-हुमनाबादकडच्याला हैदराबाद. दात बसतो, भाकरीचा तुकडा पुन्हा चावता येतो, आणि माणूस दवाखान्याची वाट विसरतो. मग काही वर्षांनी ब्रश करताना त्या दाताभोवती रक्त येऊ लागतं. दुखत नाही, दात हलत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. या रक्तावर उपचार काय आणि तो कितपत लागू पडतो, हा इथला प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. दाह फक्त हिरडीत असेपर्यंतचा उपचार सोपा, स्वस्त आणि बऱ्यापैकी खात्रीचा आहे. हाड झिजू लागल्यानंतरचा उपचार महाग आहे आणि त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सीमाभागात नेमका पहिला टप्पा निसटतो, कारण दात बसवणारा बहुधा एका राज्यात असतो आणि सुजलेली हिरडी घेऊन फिरणारा दुसऱ्या.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५२ मध्ये सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. निरीक्षणासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर हाड त्याला असं चिकटलेलं की ते निघेना. त्या निरीक्षणातून पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले, आणि १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर गेली. हाड धातूला धरतं हे सिद्ध झालं होतं. हिरडी त्या धातूला कशी धरते, याकडे लक्ष जायला मात्र वेळ लागला.

नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि हिरडीचे तंतू त्या थरात काटकोनात रुतलेले असतात. शिवाय मूळ आणि हाड यांच्यामधल्या पडद्यातूनही हिरडीला रक्त मिळतं. इम्प्लांटभोवती हे दोन्ही नसतं. तंतू धातूच्या कडेनं समांतर, नुसते टेकून उभे असतात आणि रक्तपुरवठा एका बाजूनंच येतो. त्यामुळे जंतूंचा थर साचला की आतला मार्ग त्यांना सोपा जातो. २०१४ मध्ये स्वीडिश संशोधकांनी माणसांच्या हिरड्यांचे नमुने तपासले, तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या दाहाचा व्याप दातांभोवतीच्या पायोरियापेक्षा दुपटीहून अधिक आढळला. पायोरियात दाहग्रस्त भाग आणि हाड यांच्यामध्ये निरोगी ऊतींचा एक पट्टा शिल्लक राहतो. इम्प्लांटभोवती तो पट्टा राहत नाही, दाह थेट हाडाला भिडतो.

या दुखण्याचे दोन टप्पे मानतात. दाह फक्त हिरडीत असेल तर तो पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस, आणि हाड झिजू लागलं की पेरि-इम्प्लांटायटिस. व्याख्यांचा घोळ बरीच वर्षं चालला. २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र बसून तो बराचसा मिटवला. प्रोब, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजायची सळई, हलकेच फिरवल्यावर रक्त किंवा पू आला, खोली आधीपेक्षा वाढलेली दिसली आणि सुरुवातीच्या नैसर्गिक फेरबदलापलीकडे हाड खाली गेलेलं असलं, तर तो दुसरा टप्पा. जुना एक्स-रे हाताशी नसेल तर ६ मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि ३ मिलिमीटर किंवा अधिक हाडझीज, ही खूण धरायची. किती जणांना हे होतं, याचे आकडे व्याख्येप्रमाणे हलतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पहिल्या टप्प्याची सरासरी ४३ टक्के आणि दुसऱ्याची २२ टक्के निघाली. त्यातल्या एकेका पाहणीत दुसऱ्या टप्प्याचं प्रमाण १ टक्क्यापासून ४७ टक्क्यांपर्यंत होतं. स्वीडनमध्ये इम्प्लांट बसवून नऊ वर्षं झालेल्या रुग्णांच्या २०१६ च्या पाहणीत १४.५ टक्के लोकांत हाडाची मध्यम ते गंभीर झीज सापडली. त्याच अभ्यासानं आणखी एक दाखवलं: बहुतेकांची झीज पहिल्या तीन वर्षांतच सुरू झाली होती आणि पुढे तिचा वेग वाढत गेला. दात बसवल्यावर पहिली तीन वर्षं दवाखान्याकडे न फिरकणं किती महागात पडतं, हे त्यातून कळतं.

तपासणी कशी होते ते नीट पाहण्यासारखं आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई हिरडी आणि कॅप यांच्यामध्ये अलगद सरकवतात. जोर अगदी हलका, टाचणी कापडावर नुसती टेकवावी इतका. दाताभोवती सहा ठिकाणी ती उतरवायची, प्रत्येक ठिकाणची खोली लिहायची आणि अर्धा मिनिट थांबून बघायचं. निरोगी हिरडी कोरडी राहते. सुजलेली असेल तर त्या रेषेवर आधी एक लाल ठिपका येतो, मग तो पसरून कॅपच्या कडेनं धार धरतो. बोटानं हिरडी खालून वर दाबली की कधी पांढरट पिवळा थेंबही निघतो. इम्प्लांटला ओरखडा पडेल या भीतीनं काही डॉक्टर प्रोब लावायलाच कचरतात. ती भीती अनाठायी आहे. हलक्या हातानं केलेल्या तपासणीनं काही बिघडत नाही, तपासणी न केल्यानं बिघडतं.

पहिल्या टप्प्याबद्दल विज्ञानाची बाजू भक्कम आहे. १९९४ मध्ये युरोपात केलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना तीन आठवडे दात घासायला बंदी केली. दात आणि इम्प्लांट, दोन्हींभोवतीच्या हिरड्या सारख्याच सुजल्या. २०१२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला आणि त्यात तीन आठवडे पुन्हा घासायला लावून सूज किती ओसरते तेही मोजलं. सूज ओसरली, पण तीन आठवड्यांत हिरड्या पूर्ववत झाल्या नाहीत. म्हणजे हा टप्पा परतीचा आहे, फक्त परतीला वेळ आणि सातत्य लागतं.

इथे उपचार म्हणजे सफाई. दवाखान्यात टायटॅनियमच्या क्युरेटनं, खास टोकाच्या अल्ट्रासोनिक यंत्रानं किंवा ग्लायसिनची बारीक पूड हवेच्या झोतानं मारून जंतूंचा थर आणि कीटण काढतात. घरी ब्रश आणि दोन दातांमध्ये फिरणारा बारीक ब्रश. २०११ च्या एका चाचणीत अशा सफाईनंतर तीन महिन्यांनी ३८ टक्के इम्प्लांटांभोवतीचं रक्त पूर्ण थांबलं. सोबत क्लोरहेक्सिडिनचा जेल वापरलेल्यांत आणि न वापरलेल्यांत फरक पडला नाही. ३८ हा आकडा निराश करणारा वाटेल, पण उरलेल्यांतही दाह कमी झाला होता. शिवाय त्या चाचणीत ज्या कॅपची कड हिरडीच्या वर होती, तिथे सुधारणा जास्त दिसली, कारण तिथे ब्रश पोचत होता.

हा पोचण्याचा मुद्दा मला सगळ्या औषधांहून मोठा वाटतो. २००९ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात पेरि-इम्प्लांटायटिस झालेल्या रुग्णांचे इम्प्लांट तपासले. ज्यांच्या कॅपखाली घरच्या साधनांनी सफाई करताच येत नव्हती, त्यांपैकी ४८ टक्क्यांना हा रोग होता. ज्यांची सफाई करता येत होती, त्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना. दात सुंदर दिसावा म्हणून कॅप हिरडीवर फुगवून बसवली जाते, त्या फुगवट्याखाली अन्न साचतं आणि ब्रश बाहेरच्या बाहेर फिरतो. कडुलिंबाच्या काडीनं तर तिथे पोचणं शक्यच नाही. अशा वेळी कॅपचा आकार बदलणं हाच उपचार असतो आणि तो कॅप बसवणाऱ्यानं करायचा असतो.

दुसरं कारण सिमेंटचं. कॅप चिकटवताना बाहेर आलेलं सिमेंट हिरडीखाली अडकतं आणि डोळ्यांना दिसत नाही. २००९ मधल्याच एका अमेरिकन अभ्यासात दाहाची लक्षणं असलेल्या ८१ टक्के ठिकाणी असं सिमेंट सापडलं. ते काढल्यावर ७४ टक्के ठिकाणी लक्षणं गेली. नुसतं सिमेंट काढून एवढा गुण येतो, हे दाह दिसताच गोळ्यांची पट्टी लिहून देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. युरोपीय हिरडीतज्ज्ञ महासंघाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही पहिल्या टप्प्यात पोटातून प्रतिजैविकं देण्याच्या विरोधात आहेत. भारतीय पेरिओडॉन्टोलॉजी सोसायटीनंही इम्प्लांटभोवतीच्या देखभालीसाठी शिफारसी प्रसिद्ध केल्या आहेत.

हाड झिजू लागलं की चित्र पालटतं. आधी शस्त्रक्रियेविना सफाई करून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप घ्यायचं, अशी आज सर्वमान्य रीत आहे. खोली ५ मिलिमीटरच्या आत आली, पू थांबला आणि रक्त एखाद्याच बिंदूपुरतं उरलं, तर तिथे थांबता येतं. खोल खड्ड्यांत हे क्वचित साधतं, कारण इम्प्लांटला आटे असतात, आट्यांवर मुद्दाम खडबडीत केलेला पृष्ठभाग असतो आणि जंतू त्या खडबडीत ठाण मांडतात. जो खडबडीतपणा हाडाला धरायला हवा म्हणून केला, तोच उघडा पडल्यावर सफाईला अडतो.

मग शस्त्रक्रिया. भूल देऊन हिरडी उचलली की इम्प्लांटभोवती बशीसारखा खळगा दिसतो, त्यात लालभडक, ठिसूळ, हात लागताच रक्त सोडणाऱ्या मांसाचा गोळा. तो खरवडून काढला की उघडे आटे एकेक दिसू लागतात, आणि मग आटा आटा घासून साफ करायचा. खळग्याला चारी बाजूंनी हाडाची भिंत असेल तर त्यात कृत्रिम हाडाची पूड भरतात. भिंत नसेल तर हिरडी खाली घेऊन टाके घालतात आणि उघडा पडलेला धातू कधी गुळगुळीत घासतात. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या १०० रुग्णांवर झालेली चाचणी या बाबतीत बोलकी आहे. वर्षभरानं यश मिळालं ४५ टक्के इम्प्लांटांना. गुळगुळीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांत ते ७९ टक्के होतं, खडबडीत पृष्ठभागाच्यांत ३४ टक्के. शस्त्रक्रियेबरोबर प्रतिजैविक दिल्याचा फायदा फक्त खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांत दिसला, आणि तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा तोही टिकला नव्हता. लेझरबद्दल दवाखान्यांच्या फलकांवर जे लिहिलेलं असतं, त्याला या संशोधनाचा आधार मिळत नाही. नीट केलेल्या यांत्रिक सफाईपेक्षा लेझर निश्चितपणे सरस ठरल्याचं चाचण्यांनी दाखवलेलं नाही. रुग्णानं लेझरसाठी वेगळे पैसे मोजण्याआधी हे विचारून घ्यावं.

इम्प्लांट हलू लागला तर चर्चा संपली. हाडानं त्याला सोडलं असा त्याचा अर्थ, आणि तो काढावाच लागतो. बहुतांश हाड गेलेलं असेल तर न हलणाराही काढणं शहाणपणाचं, कारण वाट पाहण्यात शेजारच्या दाताचं हाडही जातं.

आता या भागाचं बोलू. दाहाची मोठी कारणं जगभर सारखीच आहेत: जुना पायोरिया, धूम्रपान, आटोक्यात नसलेली साखर आणि नियमित तपासणीचा अभाव. मधुमेहींमध्ये पेरि-इम्प्लांटायटिसची जोखीम सुमारे दीडपट असल्याचं २०१७ च्या एका आढाव्यात दिसलं. आपल्याकडे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायलाच नको.

तंबाखूची गोष्ट इथे वेगळ्या तपशिलानं येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के आणि कर्नाटकात १६.३ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेतात. सीमेवर दोन्हीकडच्या सवयी एकत्र येतात. मराठी घरांतल्या वयस्क बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, कुटून मशेरी करतात आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर चोळतात. पुष्कळजणी दिवसातून दोन-तीनदा. दात स्वच्छ होतात अशी त्यांची पक्की समजूत असते. पुरुषांमध्ये गुटखा आणि चुन्याची तंबाखू. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण ही सवय कायद्यानं सुटलेली नाही. विड्याची परंपरा तर या मातीत तंबाखूच्याही आधीची. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त तांबूल राजाच्या उपभोगांत मोजलेला आहे. त्या विड्यात तंबाखू असणं शक्य नव्हतं, ती पोर्तुगीजांबरोबर नंतर आली.

इम्प्लांटवरच्या बहुतेक अभ्यासांनी तंबाखू म्हणजे सिगारेट असं धरलं आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांनी सुपारीचा विचार वेगळा करायला हवा. सुपारी आणि गुटख्यानं गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. अशा रुग्णाच्या शेवटच्या दाढेला इम्प्लांट बसवला, तर ब्रशच आत जात नाही, मग दोन दातांमधला बारीक ब्रश कुठून जाणार? तोंड किती बोटं उघडतं हे मोजणं, ही इम्प्लांटपूर्व तपासणीतली पहिली नोंद असायला हवी. तिथे कवळी किंवा शेजारच्या दातांवरचा ब्रिज हाच प्रामाणिक सल्ला आहे, मग रुग्णाला तो आवडो न आवडो.

पाठपुराव्याचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण सगळं तिथे येऊन अडतं. ब्राझीलमधल्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या टप्प्याचा दाह असलेल्या ८० रुग्णांची पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. नियमित देखभालीला येणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांचा दाह हाडापर्यंत गेला, न येणाऱ्यांपैकी ४३.९ टक्क्यांचा. कुठलंही औषध किंवा यंत्र एवढा फरक पाडत नाही. ही देखभाल म्हणजे वर्षातून दोनदा तपासणी आणि सफाई, जोखीम जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी.

या देखभालीसाठी इथे संस्था नाहीत असं नाही. बिदरला एस. बी. पाटील दंत महाविद्यालय आहे, हुमनाबादला एक आहे, कलबुर्गीत एस. निजलिंगप्पा संस्था आणि अल-बदर महाविद्यालय, सीमेपलीकडे लातूरला एमआयडीएसआर. हिरड्यांचा विभाग प्रत्येक दंत महाविद्यालयात असतोच. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली आणि हुमनाबाद त्याच मार्गावर आहे. भालकी, कमालनगर, उदगीर ही लातूरकडच्या मार्गावरची स्थानकं. सफाईसाठी लांबच्या शहरात जाण्याची गरज नाही.

अडचण कागदाची आहे. स्क्रूनं कसलेली कॅप उघडल्याशिवाय नीट सफाई होत नाही, आणि कंपनीगणिक स्क्रूचं डोकं वेगळं, ते उघडण्याचा ड्रायव्हर वेगळा. रुग्णाला कंपनीचं नाव ठाऊक नसतं. दात बसवणाऱ्याची चिठ्ठी हरवलेली असते किंवा दिलेलीच नसते. एक्स-रे त्या दवाखान्याच्या संगणकात. मग जवळचा डॉक्टर वरवर खरवडतो, माउथवॉश लिहितो आणि 'ज्यांनी बसवला त्यांच्याकडेच जा' म्हणून मोकळा होतो. त्याचंही पूर्णपणे चुकतं असं म्हणता येत नाही, दुसऱ्यानं केलेलं काम अंदाजानं उघडणं धोक्याचंच आहे. म्हणून प्रत्येक इम्प्लांटसोबत एक कार्ड मिळायला हवं: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, बसवल्याची तारीख, कॅप स्क्रूची की सिमेंटची, आणि कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे. हे कार्ड रुग्णानं मागून घ्यावं, पैसे देतानाच. सूचना त्याच्या भाषेत असाव्यात. मराठी, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या या पट्ट्यात इंग्रजी छापील पत्रकानं बारीक ब्रश कसा फिरवायचा हे कुणाला कळत नाही, आरशासमोर हात धरून एकदा करून दाखवलं तर कळतं.

ज्यांचे दात आधीच बसलेले आहेत आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांनाही करण्यासारखं एक काम आहे. जवळच्या महाविद्यालयात जाऊन त्या दाताचा एक्स-रे काढून घ्यावा, सहाही ठिकाणची खोली लिहून घ्यावी, तारीख टाकून घ्यावी आणि हे दोन्ही घरच्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावं. सहा महिन्यांनी पुढच्या तपासणीला ते बरोबर न्यावं. हाड गेल्या खेपेइतकंच आहे की खाली गेलं, हे डॉक्टर त्याच्याशीच ताडून सांगू शकतील.